अकरा मिनिटांची जांभई

कझाकस्तानशी माझं काहीही वाकडं नाही. मी तिकडे कधी गेलो नाही, तिकडचं कुणी माझ्याकडे आलं नाही. तरीही त्या देशाने मला भर क्विझमध्ये तीनदा तोंडघशी पाडलं आहे, आणि तिन्ही वेळा प्रश्न एकच होता: कझाकस्तानची राजधानी कोणती?

पहिल्यांदा मी शाळेत घोकलेलं ‘अल्मा-आता’ ठोकून दिलं. तिथला कारभार १९९७ सालीच दुसऱ्या शहरात हलला होता आणि त्या शहराचं नाव पुढच्या वर्षी अस्ताना झालं होतं. चूक माझी. वहीत लाल शाईने ‘अस्ताना’ लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या. २०१९च्या एप्रिलमध्ये तोच प्रश्न आला. मी वही न उघडता ‘अस्ताना’ म्हणालो. आदल्याच महिन्यात त्यांनी नाव बदलून नूर-सुलतान केलं होतं. वहीत खाडाखोड झाली. मग उजाडला २०२२चा ऑक्टोबर. प्रश्न ऐकताच माझ्या अंगावर काटा आला, कारण हे बदललेलं नाव माझ्याइतकं रक्त आटवून कुणी पाठ केलेलं नसणार. ‘नूर-सुलतान!’ मी जवळजवळ ओरडलोच. सप्टेंबरमध्ये त्यांनी ते परत अस्ताना करून टाकलं होतं. वर आमच्या क्विझमास्तरांनी फंडा सांगितला, की कझाक भाषेत ‘अस्ताना’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘राजधानी’. म्हणजे कझाकस्तानची राजधानी कोणती, तर राजधानी. हे उत्तर मी एकदा दिलं होतं. तेव्हा ते चूक होतं.

दर शनिवारी रात्री नऊला आम्ही वीसेक जण आपापल्या पडद्यासमोर बसतो. एक निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांचं फक्त कपाळ दिसतं. गेली चार वर्षं मी त्या कपाळाच्या आठ्यांवरून ओळखतो की यांना उत्तर येतंय की नाही. एक बाई कधीच बोलत नाहीत, कॅमेराही लावत नाहीत, फक्त टाइप करतात आणि जिंकतात. आणि एक ‘तांत्रिकदृष्ट्या’ आहेत. त्यांना नावही आहे, पण ते कुणी वापरत नाही. कुठलंही उत्तर जाहीर झालं की त्यांचा आवाज येतो, ‘तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर...’ आणि आम्ही सगळे पाणी प्यायला उठतो.

ज्ञान नासतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. लहानपणी पाठ केलेले नऊ ग्रह मी जन्माची ठेव धरून चाललो होतो. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागमध्ये खगोलशास्त्रज्ञांनी मतदान घेतलं आणि प्लूटो घराबाहेर. एव्हरेस्टची उंची ८८४८ मीटर, हे मी गाढ झोपेतून उठूनही सांगितलं असतं. २०२०च्या डिसेंबरमध्ये नेपाळ आणि चीनने मिळून ती ८८४८.८६ जाहीर केली आणि त्या शनिवारी मी ८६ सेंटिमीटरनी हरलो. पण खरा छळ मांडला तो शनीने. सर्वांत जास्त चंद्र कुणाचे? मी शिकलो तेव्हा गुरूचे. २०१९मध्ये शनी ८२वर पोचला आणि पुढे गेला. मी शनी लिहायला शिकलो. २०२३च्या फेब्रुवारीत गुरूचे ९२ झाले. मी गुरू लिहायला शिकलो. त्याच वर्षीच्या मे महिन्यात शनीचे १४५! पुढे २०२५च्या मार्चमध्ये तर एकदम १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळाली आणि शनीची बेरीज २७४वर गेली. इतके चंद्र त्याला करायचे काय आहेत, हे विचारायची सोय नाही. साडेसाती साडेसात वर्षांची असते असं ऐकून होतो. माझी मोजायची कुठून?

बरं, उत्तर येऊन भागत नाही, ते लिहिता यावं लागतं. बुर्किना फासोची राजधानी वागादुगु, हे मला चांगलं माहीत आहे. इंग्रजीत त्याची अक्षरं अकरा, त्यांत तीन ‘ओ’ आणि तीन ‘यू’, आणि ते कुठल्या क्रमाने बसतात हे तिथल्या महापौरालाही वीस सेकंदांत सांगता येईल असं मला वाटत नाही. मी तीन ‘ओ’ लागोपाठ लिहिले. पडद्यावर ते उत्तर न वाटता विव्हळणं वाटत होतं.

या खेळाने माझी विचार करायची पद्धतच वाकडी केली आहे. इथे सरळ वाटणारा प्रश्न सरळ नसतो. शंभर वर्षांचं युद्ध किती वर्षं चाललं? ११६. ऑक्टोबर क्रांती कुठल्या महिन्यात झाली? आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे नोव्हेंबरात. पनामा हॅट मूळची कुठली? इक्वेडोरची. कॅनरी बेटांना नाव कुणावरून पडलं? पक्ष्यांवरून नाही, कुत्र्यांवरून. आइनस्टाइनला नोबेल कशासाठी? सापेक्षतेसाठी नक्कीच नाही. असे दहा-बारा फटके खाल्ले की माणूस ताकही फुंकून पितो. मग एका शनिवारी प्रश्न आला: ‘तीस वर्षांचं युद्ध किती वर्षं चाललं?’ मी मनातल्या मनात हसलो. म्हटलं, मास्तर, आता नाही फसणार. थोडा विचार केला, फार जास्त नको आणि फार कमीही नको असा आकडा काढला आणि ३४ लिहिले.

१६१८ ते १६४८. तीस. ग्रुपमधला एकूण एक माणूस बरोबर होता. कपाळावर सुद्धा आठी नव्हती.

वादांचं प्रकरण वेगळंच. इंग्लंड आणि झांझिबार यांचं युद्ध २७ ऑगस्ट १८९६ रोजी झालं आणि ते इतिहासातलं सर्वांत लहान युद्ध मानतात. कुणी ३८ मिनिटं म्हणतं, कुणी ४५. मी ४५ लिहिलं होतं, मास्तरांच्या कार्डावर ३८ होते. त्या सात मिनिटांवरून आम्ही सव्वा तास भांडलो. तेवढ्या वेळात झांझिबार दोनदा पडलं असतं. ‘सर्वांत मोठं वाळवंट’ म्हटलं की सहारावाले आणि अंटार्क्टिकावाले समोरासमोर येतात, आणि नाईल मोठी की ॲमेझॉन हा प्रश्न तर मास्तरांनी शांततेच्या हितासाठी कायमचा बंद करून टाकला आहे. अशा वेळी एकच शब्द चालतो: ‘स्रोत?’ पूर्वी लोक ‘कशावरून?’ विचारायचे, त्यात निदान कुतूहल तरी असायचं. ‘स्रोत?’ मध्ये फक्त फौजदारी असते.

एकदा मलाही मास्तर व्हायची संधी मिळाली. पहिलाच प्रश्न मी मोठ्या हौसेने ‘क्विझ’ या शब्दावरच काढला. गोष्ट प्रसिद्ध आहे: १७९१च्या सुमारास डब्लिनमधल्या रिचर्ड डेली नावाच्या नाटकगृहाच्या व्यवस्थापकाने पैज मारली, की अर्थ नसलेला एक शब्द मी रातोरात शहराच्या तोंडी घालीन. पोरांकडून भिंती रंगवून घेतल्या, सकाळी सगळं शहर ‘क्विझ म्हणजे काय?’ विचारत होतं, आणि म्हणून चौकशीला क्विझ म्हणू लागले. गोष्ट संपली आणि ‘तांत्रिकदृष्ट्या’ खाकरले. हा शब्द त्याच्या आधीपासूनच लिखाणात सापडतो, अर्थ ‘विक्षिप्त माणूस’. तेव्हा कथा भाकड. क्विझमध्ये, क्विझ या शब्दावर, खुद्द क्विझमास्तर बाद. उरलेले एकोणीस प्रश्न मी कुठल्या आवाजात विचारले ते मला आठवत नाही.

त्या रात्री मी सूड उगवायचं ठरवलं असं म्हणता येणार नाही. पण झोप लागत नव्हती हे खरं, आणि अशा वेळी माणसाला नेमकी फ्रेड वर्थची आठवण होते.

हा अमेरिकेतला गृहस्थ. त्याने १९७४मध्ये असल्याच फुटकळ माहितीचा एक कोश काढला. आपली मेहनत कुणी चोरली तर कळावं म्हणून त्यात त्याने मुद्दाम एक खोटी नोंद पेरली: टीव्हीवरच्या कोलंबो या गुप्तहेराचं पहिलं नाव ‘फिलिप’. मालिकेत त्याचं पहिलं नाव कुणी कधी घेत नाही. (ओळखपत्रावर ‘फ्रँक’ दिसतं, असं सांगणारा एक जण प्रत्येक क्विझमध्ये असतो. आमच्याकडचा कोण, ते सांगायला नको.) पुढे ‘ट्रिव्हियल पर्सूट’ हा खेळ जगभर गाजला आणि त्यातल्या एका कार्डावर उत्तर छापलेलं होतं: फिलिप. वर्थने १९८४मध्ये तीस कोटी डॉलरचा दावा ठोकला. खेळवाल्यांनी शांतपणे कबूल केलं, की हो, आम्ही हा कोश वापरला, इतरही बरेच वापरले. न्यायालय म्हणालं, तथ्यं कुणाच्या मालकीची नसतात. दावा बाद. आता त्या एका ओळीत तथ्य नव्हतंच, अख्ख्या कोशात त्याने स्वतः निर्माण केलेली तेवढीच एक गोष्ट होती, हा मुद्दा मला पहाटे तीनपर्यंत छळत राहिला.

तर, मी रोज सकाळी ग्रुपवर ‘आजचा फंडा’ टाकतो. दुसऱ्या दिवशी मी गोगलगायींवर दोन फंडे टाकले. पहिला: इजिप्तमधून आणलेली एक वाळवंटी गोगलगाय मेली असं समजून १८४६ साली ब्रिटिश म्युझियममध्ये पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवली होती, १८५०मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं की ती जिवंत आहे, आणि कोमट पाण्यात घालताच बाईसाहेब बाहेर आल्या. दुसरा: गोगलगायीला एक जांभई पूर्ण करायला सरासरी ११ मिनिटं लागतात.

पहिला शंभर टक्के खरा आहे. दुसरा मी दात घासताना रचला.

पाच मिनिटांत पहिल्यावर सात जण तुटून पडले. चार वर्षं पुठ्ठ्यावर? काहीही! स्रोत? गोंद कुठला होता? ‘तांत्रिकदृष्ट्या’ म्हणाले, जिवंत असती तर ती तांत्रिकदृष्ट्या पुठ्ठ्यासकट चालू लागली असती. मला संध्याकाळपर्यंत पुरावे जोडावे लागले. दुसऱ्या फंड्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. कधी न बोलणाऱ्या बाईंनी तर त्याला अंगठा दिला, आणि त्यांचा अंगठा मला चार वर्षांत पहिल्यांदाच मिळाला, म्हणून खरं सांगायचं मी पुढे ढकललं. बहुतेक ‘सरासरी’ या शब्दाने काम केलं असावं. सरासरी म्हटलं की कुणीतरी घड्याळ घेऊन बऱ्याच गोगलगायींसमोर बसलं होतं असं वाटतं.

लॅटिनमध्ये ‘त्रिविअम’ म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा, आपला तिठा. ‘ट्रिव्हिया’ हा शब्द त्याच घराण्यातला. तिठ्यावर सोडलेली गोष्ट तिन्ही वाटांनी जाते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. दोन महिन्यांनी बायको ऑफिसमधून आली आणि म्हणाली, “तुला माहितीये का, गोगलगायीला जांभई द्यायला अकरा मिनिटं लागतात?”

“खोटं आहे ते,” मी म्हणालो.

“तुला सगळंच माहीत असतं असं नाही,” ती म्हणाली.

मी काय सांगणार? पुढे दोन महिन्यांनी, शनिवारी रात्री, माझ्याच ग्रुपवर, चौदावा प्रश्न: ‘गोगलगायीला एक जांभई द्यायला साधारण किती मिनिटं लागतात?’ सगळ्यांची बोटं धावली. मी सद्सद्विवेकाला स्मरून लिहिलं, ‘गोगलगाय जांभई देत नाही.’ मास्तरांनी शून्य तर दिलंच, वर निगेटिव्ह मार्किंगचे पाच कापले.

“मास्तर, ही माहिती खोटी आहे.”

“स्रोत?”

“मीच. मीच रचली ती.”

“तांत्रिकदृष्ट्या,” आवाज आला, “व्यक्ती स्वतः स्रोत होऊ शकत नाही.” आणि त्यांनी तीन दुवे टाकले. पहिल्यात माझंच वाक्य होतं, काना-मात्रेसकट. दुसऱ्यात तोंड उघडलेल्या गोगलगायीचा फोटो होता, आणि खाली ‘जाणकारांच्या मते’. जाणकार म्हणजे मी. तिसऱ्यात माझ्या पुढे संशोधन गेलं होतं: प्रजातीनुसार हा वेळ दहा ते बारा मिनिटांच्या दरम्यान असू शकतो. मी तो दुवा दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना मला वाटलं, असेलही. पंचवीस गुणांवरून मी वीस गुणांवर आलो आणि कपाळाखाली गेलो.

तीन आठवड्यांनी एका दुसऱ्याच ऑनलाइन क्विझमध्ये मी पाहुणा म्हणून बसलो. सगळे अनोळखी. शेवटचा प्रश्न, बरोबरी सुटायची होती, हातात दहा सेकंद. गोगलगाय आली. मी ११ लिहिलं. समोरच्या स्पर्धकाने १२ लिहिलं होतं, आणि प्रजातीनुसार तेही चालायला हवं असं तो तावातावाने म्हणू लागला.

मी त्याच्याकडे स्रोत मागितला.