कॅसेट की डिजिटल? भांडण चुकीच्या जागी चाललंय

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तेच सुरू झालंय. अर्धे म्हणतात कॅसेटची मजा गेली ती गेलीच, उरलेले म्हणतात हजारो गाणी खिशात आली तरी तुमचं रडगाणं काही संपत नाही. मी लांबून वाचत बसते, आणि परदेशात राहायला लागल्यापासून मला वाटतं की हे भांडणच चुकीच्या मुद्द्यावर आहे.

आवाजाचं तर बोलूच नका. चार मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीची टेप, त्यात दोन्ही साइडचे मिळून चार ट्रॅक, वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर, मग मागे सूंऽऽ आवाज येणारच की! १९६३ साली कॅसेट आणणाऱ्या फिलिप्सच्या टीमचे प्रमुख लू ओटेन्स पुढे सीडीच्या कामातही होते, म्हणजे ज्यांनी कॅसेट केली तेच पुढच्या गोष्टीला लागले आणि आपण मात्र अजून 'तो वॉर्म साउंड' करत बसलोय.

पण देश बदलला की वेगळंच काहीतरी लक्षात येतं. कॅसेटी बॅगेत टाकल्या की झालं, जगातल्या कुठल्याही टेपरेकॉर्डरवर वाजायच्या. (फिलिप्सने डिझाइनचं लायसन इतर कंपन्यांना फुकट दिलं म्हणून सगळीकडे एकच साइझ झाली, हे श्रेय द्यायलाच हवं.) फोनवरच्या गाण्यांच्या अ‍ॅपचं तसं नाही. गाण्यांचे हक्क देशादेशांप्रमाणे वेगवेगळे विकलेले असतात, त्यामुळे मी अकाउंटचा देश बदलला आणि प्लेलिस्टमधली कितीतरी गाणी ग्रे झाली, नावं दिसतात पण वाजत नाहीत, तेही दर महिन्याला पैसे भरून. 'डाउनलोड' केलेलं तरी आपलं असेल म्हणाल तर तेही नाही, ती फाइल कुलूपबंद असते, सबस्क्रिप्शन थांबलं की गप्प. ग्रुपवरच्या तिकडच्या मंडळींना हे जाणवत नाही कारण त्यांना कधी देश बदलावा लागलेला नाही.

म्हणून मी कॅसेटवाल्यांच्या पार्टीत? अजिबात नाही. २००१ चा पहिला आयपॉड, अ‍ॅपलचा खिशात मावणारा प्लेअर, आठवा, ५ जीबी, हजार गाणी, आणि कॉम्प्युटरवरून भरलेल्या आपल्या एमपीथ्री फाइल्स कुठल्याही देशात वाजायच्या. डिजिटल होतं आणि आपलंही होतं. वाद घालायचाच तर विकत घेतलेलं गाणं की भाड्याचं गाणं यावर घाला ना!

इकडे तर अजून गंमत, ऑफिसातली तरुण मुलं हौसेने नव्या कॅसेटी विकत घेतात आणि काहींकडे प्लेअरच नाही, कॅसेट शेल्फवर आणि गाणं फोनवर.

एका बाबतीत मात्र मी हळवी आहे, घरच्यांनी बोलून भरलेल्या कॅसेटी. फोन महाग होता तेव्हा परदेशातल्या माणसांना लोक असे आवाज पोस्टाने पाठवायचे. बाजारातली गाणी परत मिळतील, हे नाही मिळणार. तेव्हा तिकडे कपाटात असल्या कॅसेटी असतील तर आधी वरच्या कडेचे छोटे टॅब तोडा म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही, आणि मग टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडून फाइल करा. ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. पण ग्रुपवर रोज तेवढा वेळ भांडणाऱ्यांना हे जमायला हरकत नसावी.