टोकन 41 आणि गोळ्यांची खिडकी

धुळ्यात पांझरेकाठच्या टपरीवर आमचा कट्टा संध्याकाळी सातला भरतो. परवा आबा आले तेच तणतणत. खिशातून केसपेपर काढून बाकड्यावर आपटला. टोकन 41.

"टोकन ते चटकन भेटनं भो. पन गोया? अडीच तास!"

दवाखाना कुठला ते लिहीत नाही. गोळ्यांच्या खिडकीपलीकडे बसलेला माणूस आमच्यातलाच, आणि तेव्हा आबांच्या शेजारीच चहा फुंकत होता.

पुण्याहून सुट्टीवर आलेला आमचा आयटीवाला मात्र खूश. नातवाने दवाखान्यातला क्यूआर मोबाइलवर स्कॅन केला, आबांचं नाव, वय, पत्ता पटकन गेलं आणि टोकन मिळालं म्हणजे केवढं काम झालं! आभा, म्हणजे ज्याच्या-त्याच्या आरोग्याच्या नोंदींचा सरकारी नंबर, 14 आकडी, 2021 च्या सप्टेंबरात योजना देशभर सुरू झाली, सगळे रिपोर्ट एका जागी दिसणार, असं बरंच सांगून झालं.

"म्हणजे पाच लाखांचं कार्ड ना?" आबा.

"नाही हो. ते आयुष्मानचं. आभा म्हणजे नुसता कागदपत्रांचा नंबर, त्यावर पैसे नाही मिळत."

"मंग मना काय कामना?"

इथे मास्तर सरसावले. त्यांनी केसपेपरच्या मागे पेनाने मांडलं : टोकन 9.10 ला, डॉक्टर 10.05 ला, तपासणी दोन मिनिटं, गोळ्या 12.35 ला. "केसपेपरची रांग मोडली, ती गोळ्यांच्या खिडकीसमोर जाऊन उभी राहिली. रांग तीच, फक्त जागा बदलली."

आता सगळे औषधवाल्याकडे पाहायला लागले. त्याने कप खाली ठेवला.

"खिडक्या दोन, माणूस एक. दुसरं पद रिकामं. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं फुकट झालं, चांगलंच झालं, पण खिडकीवरचे हात तेवढेच राहिले. आणि त्यात सोमवार, बाजाराचा दिवस! गावाकडून येणारा माणूस एकाच फेरीत भाजी विकतो अन् बीपीच्या गोळ्याही नेतो. माझ्यापुढच्या रांगेत निम्मे लोक बीपी-शुगरचे. त्यांचं औषध बदललेलं नसतं, फक्त महिन्याचं पुढचं पाकीट हवं असतं. त्यांना सोमवार सोडून वेगळा वार द्या, नाहीतर त्यांची पाकिटं आदल्या दिवशी बांधून ठेवा. याला कुठलं ॲप लागतं?"

मला वाटलं, आयटीवाला आता गप्प बसेल. पण त्याने नेमकं बोट ठेवलं. "निम्मे आहेत हे तू अंदाजाने सांगतोस. साहेबाला अंदाज चालत नाही. टोकन कधी निघालं, औषध कधी दिलं, हे मशीनमध्ये पडलं तर एका महिन्यात आकडा समोर येतो. तो दाखवून दुसरा माणूस माग."

"कोन पाहीन तो आकडा?" आबांनी विचारलं. आणि खरं सांगायचं तर चर्चेतला सगळ्यात अवघड प्रश्न हाच होता. महिन्याच्या बैठकीत किती नोंदी झाल्या ते विचारतात. माणूस किती वेळ उभा होता, हे कुणी विचारल्याचं औषधवाल्याला आठवेना.

मास्तरांनी मग 2022 ची आठवण काढली. राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या दवाखान्यांत बसवलेली संगणकाची यंत्रणा कंत्राटाच्या भांडणात बंद पडली आणि पुन्हा कागद काढावे लागले. "देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला आपल्या नंदुरबारच्या टेंभलीत दिलं. आणि त्याच जिल्ह्यात नर्मदेच्या पाड्यांवर डॉक्टर बोटीत बसून जातो, तरंगता दवाखाना घेऊन. तिथे क्यूआर स्कॅन करायला आधी रेंज तर हवी!"

"रेंज नाही म्हणून बोट थांबत नाही ना? वहीत लिहायचं, परत आल्यावर भरायचं," आयटीवाला म्हणाला.

"परत आल्यावर भरायचं..." औषधवाला हसला, पण जरा ओशाळून. त्याची गोम तीच. गर्दीत तो गोळ्या देतो आणि चिठ्ठ्या तारेच्या खिळ्यात खोचत जातो. ई-औषधीत, म्हणजे औषधसाठ्याच्या सरकारी संगणक-नोंदीत, त्या चढतात संध्याकाळी, कधी दोन दिवसांनी. तोवर जिल्ह्याला स्क्रीनवर दिसतं की इथे साठा भरपूर आहे, मग नवा माल कशाला पाठवतील? तिकडे कुणाच्या कपाटात त्याच गोळ्या एक्सपायरीला टेकलेल्या असतात. त्याचं खोटं नाही, आळसही नाही. एका माणसाने रांग आटपायची की कीबोर्ड बडवायचा?

"मग रांग खोटी की स्क्रीन?" मास्तर.

कुणी बोललं नाही. टपरीवाल्याने दुसरा चहा आणला. आबांनी केसपेपर घडी करून खिशात घातला. गोळ्या त्यांना अर्ध्याच मिळाल्या होत्या, बाकीच्या "उद्या या" म्हणून.

"भो, उद्या गोया शेतस का नहीत, ते सांग."

औषधवाल्याने मोबाइल काढला, बघितला, परत खिशात टाकला.

"कॉम्प्युटरमध्ये शेतस, आबा. सकाळी रॅक पाहतो आणि फोन करतो."