आटवलेला फोटो

लेकीनं न्यू जर्सीहून सांगितलं, "बाबा, व्हिसाचा फॉर्म तुम्हीच भरा, सोपा असतो." फॉर्मचं नाव डीएस-१६०. नाव, गाव, पासपोर्ट इथवर माझी गाडी सुसाट होती. फोटोपाशी पंक्चर झाली.

फोटो चौरस हवा. ६०० बाय ६०० पिक्सेलच्या खाली नको, १२०० बाय १२०० च्या वर नको. पाठीमागे पांढरं. सहा महिन्यांच्या आतला. चष्मा काढून. आणि फाईल २४० केबीच्या आत.

आमच्या घरात पांढरी भिंत एकच, तिच्यावर कॅलेंडर. ते उतरवलं तर मागचा खिळा फोटोत बरोबर माझ्या कानातून उगवला. मग हिनं पलंगावर चढून चादर धरली. मी लग्नकार्याचा पांढरा शर्ट घातलेला, त्यामुळे चादरीवर नुसतं मुंडकं तरंगताना दिसलं. शेवटी निळा शर्ट घातला आणि फोटो झकास आला. ४.८ एमबी!

"म्हणजे किती?" हिनं विचारलं.

"पाहिजे त्याच्या वीसपट."

"तरी मी सांगत होते, रात्रीचा भात बंद करा."

राजारामपुरीतल्या एका स्टुडिओत गेलो. "काका, त्यात काय, आत्ता करतो की!" म्हणत पोरानं चहा यायच्या आत २२ केबी करून दिला. घरी येऊन मोठा करून बघितला, तर मिशीच्या जागी फरशी बसवलेली. शिवाय सवयीनं पासपोर्टच्या मापाचा, उभा. तो मी आडवा ताणून चौरस केला आणि मैदान मारून आलेल्या पैलवानासारखा दिसू लागलो. मग फोनवर स्वतःच बसलो. एकदा कमी केला, सेव्ह केला, तोच पुन्हा कमी केला. सातव्या वेळेस तर हिनंही ओळख दाखवली नाही.

संध्याकाळी मेहुणा काकवीची बाटली घेऊन आला. त्याचं कागलकडं गुऱ्हाळ आहे आणि गुळाचे फोटो तोच नेटवर टाकतो. माझी कलाकृती बघून म्हणाला, "दाजी, करपलेला गूळ परत काहिलीत घालताय व्हय? मूळचा रस कुठाय?"

मूळचा फोटो दिला. त्यानं आधी तो चौरस कापला, मग १००० बाय १००० केला आणि मग क्वालिटीची पट्टी हळूहळू खाली आणली. जेपेग, म्हणजे फोटो साठवायचा फाईलचा प्रकार, म्हणे फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे करतं आणि डोळ्याला कळणार नाही तेवढा बारकावा टाकून देतं. दर वेळी सेव्ह केलं की आणखी थोडा जातो, गेलेला परत येत नाही. आच फार वाढवली की तेच तुकडे फरशीसारखे दिसायला लागतात. "मळी काढायची दाजी, गोडी न्हाई."

२३१ केबी. मिशी जागेवर.

एवढ्यात फॉर्म बंद पडलेला. वीस मिनिटं हात लावला नाही की तो मिटतो. अर्जाचा क्रमांक लिहून ठेवला होता म्हणा, पण कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, आणि ते कॅलेंडर पलंगाखाली. पालथा होऊन सरपटत बाहेर काढलं. फोटो चढला.

"आता माझा," म्हणून ही चष्मा काढून उभी राहिली. चादर धरायला मी पलंगावर. मेहुण्यानं फोटो काढला, आकडा बघितला आणि हळूच फोन माझ्यापुढं धरला. ५.३ एमबी.

भाताचं मी काहीच बोललो नाही.