कोबी, भेंडी आणि चाळीस किलोमीटर

आमच्या ट्रेनच्या लाईनवर काम निघालं आणि सहा आठवडे गाड्या बंद, बदली बस, असा बोर्ड लागला. मी राहतो जर्मनीत, कोलोनला, ऑफिस ड्युसेलडॉर्फला, मध्ये चाळीसेक किलोमीटर, आणि ती बदली बस म्हणजे आपली लाल एसटी बरी, वाटेतल्या प्रत्येक गावाला नमस्कार करत जाणार. तर ऑफिसातले एक सीनियर म्हणाले, मी पण कोलोनचाच, ये माझ्या गाडीतून. पेट्रोलचे पैसे विचारले तर नको म्हणाले. जर्मन माणूस आणि फुकट, मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. गाडीत कॅसेट प्लेअर होता.

यांना मी मनातल्या मनात काका म्हणतो. वय चौसष्ट, पुढच्या वर्षी रिटायर होणार, पण इथे ऑफिसात सगळ्यांचं अरेतुरे चालतं त्यामुळे तोंडाने 'तू' आणि मनात 'काका' अशी माझी दोन वर्षं कसरत चालू आहे. ऑफिसात काका एक नंबर अबोल. गाडीत बसले आणि सीटबेल्ट लावला की त्यांच्यातला सत्तर सालातला पोरगा जागा होतो.

पहिल्या दिवशी लावली 'ऑटोबान'. क्राफ्टवेर्क नावाचा जर्मन बँड, १९७४. म्हणजे हायवेवर जाताना हायवेचं गाणं, मला आयडिया आवडली. सुरुवातीला गाडीचं दार लागल्याचा आवाज, इंजिन सुरू, हॉर्न, मग गाणं चालू, आणि शब्द काय तर आम्ही चाललोय, चाललोय, हायवेवर चाललोय. इथपर्यंत ठीक. प्रॉब्लेम असा की गाण्यातली गाडी चालली होती आणि आमची डोर्मागनच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये ठप्प उभी होती. गाणं बावीस मिनिटांचं. बावीस मिनिटं तो माणूस सांगतोय चाललोय चाललोय आणि माझ्या खिडकीतून तोच एक ट्रक दिसतोय, त्याच्या मागच्या ताडपत्रीचा दोर कुठे सुटलाय ते मी आजही चित्र काढून दाखवीन. हेच गाणं कापून तीन-साडेतीन मिनिटांचं केल्यावर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये चाललं, असं काका म्हणाले. मी म्हटलं, ती कापलेली कॅसेट नाही का तुझ्याकडे? काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू पुरणपोळी केचपबरोबर मागितली.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी चालू. या सगळ्या प्रकाराला क्राउटरॉक म्हणतात. नाव ठेवलं इंग्लंडच्या म्युझिकवाल्यांनी, क्राउट म्हणजे यांचा तो आंबवलेला कोबी, त्यावरून इंग्रज जर्मन माणसाला चिडवतात. म्हणजे कोबी-रॉक. यात ज्यांची नावं घेतात त्यातल्या बऱ्याच जणांना ते नाव कधीच आवडलं नाही, पण फाउस्ट नावाच्या बँडने १९७३ मध्ये सरळ आपल्या एका ट्रॅकचंच नाव 'क्राउटरॉक' ठेवलं. कोबी म्हणता ना, मग हा घ्या, बारा मिनिटांचा.

काकांचं म्हणणं थोडक्यात असं, की युद्धानंतर जन्मलेल्या या पोरांना बापाच्या पिढीचं काहीच नको होतं, शाळेत मास्तर नाझी काळातलेच, कोर्टात जज्ज तेच, रेडिओवर गोडगोड गाणी लागायची जसं काही झालंच नाही. आणि अमेरिकन-इंग्लिश रॉकची नक्कल करायचाही कंटाळा. मग उरलं काय? शून्यातून सुरुवात. हे सांगताना काका जरा गप्प झाले, मीही काही बोललो नाही, ट्रकही हलला नाही.

मग आला 'कॅन'. हा बँड कोलोनचा, १९६८चा, म्हणून काकांच्या घरचा देव. ड्युसेलडॉर्फ आणि कोलोनचं जमत नाही, बिअरवरून, कार्निव्हलवरून, कशावरूनही, आणि मी चिंचवडचा असल्यामुळे शेजारच्या मोठ्या शहराला नावं ठेवण्यातलं सुख मला समजावून सांगावं लागत नाही. कॅनमधले दोघं, होल्गर चुकाई आणि इर्मिन श्मिट, श्टोकहाउझन या बड्या संगीतकाराकडे शिकलेले, म्हणजे गंभीर खानदानी घराणं, आणि तिथून हे पळून रॉककडे. गायक कसा मिळाला तर म्युनिकच्या रस्त्यावर. १९७०. चुकाई आणि ड्रमर कॅफेत बसलेत, समोर एक जपानी पोरगा रस्त्यात काहीतरी आरडाओरडा करत गातोय, हे म्हणाले आज संध्याकाळी आमचा कार्यक्रम आहे, येतोस का गायला? रिहर्सल? कसली रिहर्सल. तो डामो सुझुकी. त्या संध्याकाळी बरेच लोक उठून गेले म्हणे. हे काका इतक्या अभिमानाने सांगतात, की आपल्याकडे 'आमच्या कार्यक्रमाला हाऊसफुलचा बोर्ड लागला' असं सांगतात ना, तसं.

चौथ्या दिवशी काकांनी कॅसेटचं कव्हर माझ्या हातात दिलं. त्यावर भेंडी. खरंच भेंडी, डबाबंद भेंडीचं चित्र, नाव 'एगे बाम्यासी', तुर्की भाषेत एजियन भेंडी. १९७२. काकांनी विचारलं ही भाजी तुझ्याकडे करतात का. मी डबा उघडला. भेंडी होती. देवाशप्पथ मुद्दाम नव्हती, बायकोने तुर्की दुकानातून आणलेली, दाण्याचं कूट घालून केलेली. काकांनी डबा एका हातात आणि कव्हर दुसऱ्या हातात धरलं आणि त्यांचे डोळे असे भरून आले की मला वाटलं आता हे गाडी बाजूला घेतात. त्या दिवसापासून मला सुटका नव्हती. आठवड्यातून दोनदा भेंडी न्यायला लागायची ती वेगळीच.

आता त्रासाचं बोलू. त्रास ड्रमचा. याकी लीबेत्साइट हा कॅनचा ड्रमर, आधी फ्री जॅझ वाजवायचा, मग कुणीतरी येऊन त्याला म्हणालं 'तू एकसुरी वाजव' आणि त्याला साक्षात्कार झाला, अशी काकांची आख्यायिका. ड्युसेलडॉर्फचा क्लाउस डिंगर, तो 'नोय!' बँडवाला, त्याचंही तेच, धाडधाडधाडधाड सरळ, ना वळण ना सम, दहा मिनिटं. त्याला लोक मोटोरिक म्हणतात आणि डिंगरला हा शब्द अजिबात आवडायचा नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाट बघत बसलो. आता मुखडा येईल, आता तबलजी उठाण घेईल, आता काहीतरी होईल. काही होत नाही. होणारच नाही. आठवडाभर मी असा ताटकळत बसलो आणि मग एका सकाळी लक्षात आलं की माझा पाय डॅशबोर्डखाली आपोआप चालतोय.

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्याकडे वारी असते, आळंदी ते पंढरपूर, जवळपास तीन आठवडे लोक चालतात आणि टाळ-मृदंगावर तोच ठेका, तेच नाव, आणि पाय दुखत नाहीत असं म्हणतात. काकांनी रेडिओचा आवाज बंद केला. तीन आठवडे? मी म्हटलं हो. एकच ठेका? जवळजवळ. काका म्हणाले, "रेकॉर्डिंग आहे का? पूर्ण?" मग त्यांनीच सांगितलं की नोय!चा गिटारवाला मिखाएल रोटर लहानपणी काही वर्षं कराचीत राहिलेला आणि तिथलं न संपणारं संगीत त्याच्या कानात बसलं होतं. तुमच्याच भागातलं, म्हणाले. कराची आणि चिंचवडमधलं अंतर मी त्यांना सांगितलं नाही, माणूस सुखात होता.

या लोकांनी पुढे काय दिलं याची यादी रोज परतीच्या प्रवासात. इंग्लिश गायक डेव्हिड बोवी बर्लिनला येऊन राहिला आणि क्राफ्टवेर्कच्या फ्लोरियान श्नायडरच्या नावाने ट्रॅक केला. न्यूयॉर्कच्या आफ्रिका बंबाटा या डीजेने १९८२ मध्ये क्राफ्टवेर्कची धून उचलून हिपहॉपचा सांधाच बदलला. माझी भाची ज्या कोल्डप्लेसाठी नवी मुंबईच्या तिकिटांच्या रांगेत ऑनलाईन रात्रभर बसली होती त्यांच्या 'टॉक' गाण्याची धूनही क्राफ्टवेर्कचीच, परवानगी घेऊन. आणि परवानगी न घेता क्राफ्टवेर्कच्या १९७७च्या ट्रॅकमधले दोन सेकंद, फक्त दोन, एका जर्मन रॅपच्या निर्मात्याने १९९७ मध्ये घेतले तर तो खटला वीस वर्षांहून जास्त चालला, २०१९ मध्ये युरोपच्या कोर्टात पोचला, आणि तरी संपला नाही. मला एकदम आमच्या गावच्या बांधाची केस आठवली आणि पहिल्यांदाच हे संगीत घरचं वाटलं.

खरी फजिती पाचव्या आठवड्यातली. काकांनी 'नोय! २' लावली. एक बाजू ठीक. दुसऱ्या बाजूला गाणं चालू आणि अचानक सगळं चिपमंकसारखं पळायला लागलं, मग एकदम रेड्याच्या आवाजात रेंगाळायला लागलं. मी कॅसेटच्या जमान्यातला माणूस, लगेच ओरडलो, टेप अडकली, काढ काढ! काका शांत. म्हणाले, असंच आहे. १९७३ मध्ये यांचे स्टुडिओचे पैसे संपले, अर्धी रेकॉर्ड रिकामी, मग आधीचीच दोन गाणी कधी ७८च्या स्पीडला तर कधी १६च्या स्पीडला वाजवून भरली. लोकांना वाटलं फसवलं. आता प्राध्यापक त्यावर लेख लिहितात. मी कान पकडले आणि ठरवलं, यापुढे आपण तोंड उघडायचं नाही, फक्त मान हलवायची.

शेवटच्या आठवड्यात, बुधवारी, पुन्हा डोर्मागन, पुन्हा ट्रॅफिक. कॅनची कॅसेट. गाण्याच्या मध्येच आवाज बुडाल्यासारखा झाला, मग खर्र, मग कुणीतरी पाण्याखालून कण्हतंय असा, मग लांबच लांब कुईंऽऽ. माझ्या अंगावर काटा आला. पहिल्यांदाच मला आतून काहीतरी कळलं. मी डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणालो, "आजवरचं सगळ्यात भारी हे."

काका काही बोलेनात. डोळे उघडले तर ते प्लेअरमधून कॅसेट ओढत होते आणि मागे हातभर तपकिरी टेप लोंबत होती.

"पेन्सिल आहे?" मी विचारलं.

होती. सहा कोनांची, हिरवी. काकांनी टेपची सुरकुती नखाने सरळ केली, मी पेन्सिल चाकात घातली आणि फिरवायला लागलो, एकाच स्पीडला, न थांबता, काका स्टिअरिंगवर बोटं आपटत होते, पुढचा ट्रक कधीच निघून गेला होता आणि मागचा माणूस हॉर्न वाजवत होता, तोही बऱ्यापैकी ठेक्यात.