पीक गेलं, मग मार्क का गेले?

शाळेत शेती हा विषय असावा का, यावर बोलणं निघालं की एक वाक्य हमखास येतं: 'ज्यांना गणित-विज्ञान झेपत नाही त्यांच्यासाठी बरं आहे.' काही वर्षं नववी ते बारावीच्या मुलांना मी हाच विषय शिकवला, त्यामुळे हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

खताच्या गोणीवर १०:२६:२६ असे आकडे असतात. नत्र, स्फुरद, पालाश. २६ टक्के स्फुरद म्हणजे शंभर किलोत २६ किलो फॉस्फरस, असं वर्गातली हुशार मुलंही छातीठोकपणे सांगतात. चूक. तो आकडा फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबात लिहिण्याची जुनी पद्धत आहे. गोणीत हे ऑक्साइड मुळात नसतंच! अणुभार घेऊन बसलं की खरा फॉस्फरस निघतो ११ किलोंच्या आसपास. ज्या मुलांना मोल संकल्पनेचा कंटाळा होता, त्यांनी हे गणित फळ्यावर भांडून सोडवलं.

उगवणशक्तीचंही तसंच. ओल्या कागदात शंभर बिया गुंडाळून ठेवल्या, उगवल्या ६८. सगळं बी उगवणार असतं तर १० किलो पुरलं असतं, आता किती लागेल? बरीच मुलं १३.२ सांगतात, कारण ती ३२ टक्के सरळ वाढवून मोकळी होतात. उत्तर १४.७ आहे. टक्केवारी कशाची काढायची हे ज्याला कळलं नाही, त्याचा वाफा विरळ राहतो आणि तो सगळ्यांना दिसतो.

एकदा शेंगवर्गातलं एक रोप उपटून मुळांवरच्या गाठी दाखवत होतो. एका मुलाने नखाने गाठ फोडली आणि दचकून म्हणाला, "सर, आत लाल आहे!" तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलाच. गाठीतल्या रायझोबियम जिवाणूंना श्वासाला ऑक्सिजन हवा असतो, पण हवेतला नत्र पकडणारं त्यांचं विकर त्याच ऑक्सिजनने बिघडतं. ही कसरत तो लाल रंग सांभाळतो. म्हणून आतून गुलाबी-लाल दिसली तर गाठ कामात आहे. पांढरट किंवा हिरवट असेल तर कच्ची तरी किंवा संपलेली तरी. त्या दिवशी पुस्तकाला कुणी हात लावला नाही.

पण खरी अडचण अभ्यासक्रमाची नाही, वेळापत्रकाची आहे. तास चाळीस मिनिटांचा आणि पीक चार महिन्यांचं. रविवारी पाणी कोण देणार? परीक्षेच्या आठवड्यात खुरपणी कोण करणार? मग शाळा सोपा मार्ग काढतात: वहीत नांगराची आकृती, शेवटी तोंडी परीक्षा, झालं प्रात्यक्षिक.

ही अडचण जुनीच आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनच्या एका शेती शाळेचा प्रमुख असताना रूफस स्टिमसन यांनी १९०८ पासून 'होम प्रोजेक्ट' रुजवला. शाळेच्या एकाच शेतावर सगळ्यांनी मजुरी करायची नाही; प्रत्येकाने आपापल्या घरच्या जमिनीत स्वतःचं पीक घ्यायचं, हिशेब ठेवायचा आणि शिक्षकाने तिथे जाऊन बघायचं. पुढे १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शेती शिक्षणासाठी सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना वर्षातून किमान सहा महिने देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम बंधनकारक केलं. सहा महिने! आपण सहा तासिकांवर घासाघीस करतो. घरी जमीन नसलेल्या मुलांचं काय, हा प्रश्न उरतोच. त्यांना शाळेने वाफा द्यावा, कुंड्या द्याव्यात, पण ते पीक त्या एकट्याचं असावं. सामायिक वाफ्याची जबाबदारी कुणाचीच नसते.

आता माझी चूक सांगतो. सुरुवातीला मी मार्क उत्पादनावर द्यायचो, किती किलो निघालं त्यावर. एका मुलीची रोपं पंधरा दिवसांत जमिनीलगत सडून कोलमडली. तिच्या वहीत सगळं होतं. बी दाट पडलं होतं, पाणी रोज दिलं होतं, तीन दिवस ढगाळ हवा होती. पहिलं रोप कधी आडवं झालं आणि मर कोणत्या कोपऱ्यातून पसरली, त्याचा पेन्सिलने काढलेला नकाशाही होता. शेजारच्या मुलाचं पीक जोमदार आलं, आणि वही कोरी. मी त्याला वीसपैकी अठरा दिले, तिला सात.

पुढच्या वर्षापासून मार्क वहीला ठेवले. तिने मात्र तोपर्यंत विषय बदलला होता. ती वही तिने परत नेली नाही, अजून माझ्याकडेच आहे.