आमचो भुरगो गातो, तेव्हा तुम्ही काय करावं

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. बुवा तुमचे आहेत. पुण्याचे नाहीत, मुंबईचे नाहीत, आकाशवाणीचे तर नाहीतच. बुवांनी साठी ओलांडली, त्यांचे शिष्य आता स्वतःच पंडित म्हणवून घेतात, तरी गोव्यातल्या अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, आपल्या गावच्या देवळात वर्षातून एकदा ते गायला बसले की ते आपलं पोर, ‘आमचो भुरगो’. हे दोन शब्द सभामंडपात शिरताना निदान सहा जणांना ऐकू जातील अशा बेताने उच्चारावेत. सहातला एक पुण्याहून आलेला असला तर सोन्याहून पिवळं.

नातं लांबचं असलं तरी हरकत नाही, सांगताना जवळ आणता येतं. तुमच्या मामाच्या शेजाऱ्याने बुवांना लहानपणी बोंडू चोरताना पकडलं होतं, एवढं भांडवल पुरे. दर वर्षी त्यात थोडी भर घाला. पहिल्या वर्षी मामाचा शेजारी, तिसऱ्या वर्षी खुद्द मामा, आणि पाचव्या वर्षी काजूचं झाडच तुमच्या परसात. बुवा कधी खुलासा करत नाहीत. त्यांना बिचाऱ्यांना असे बत्तीस मामा भेटलेले असतात.

थोडा अभ्यासही हवा. गाण्याचा राहू दे, गाण्याच्या आजूबाजूचा करा. चहाच्या रांगेत उभं राहून ‘मंगेशीने मास्टर दीनानाथ दिले, मंगेशीनेच अभिषेकीबुवा दिले, आणि आमच्या गावाने...’ इतकं म्हणून थांबावं. पुढचं पाहुणा म्हणतो. मग केसरबाई केरकर काढाव्यात. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर भारतीय संगीत म्हणून एकच गाणं आहे, केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. हे खरं आहे, तेव्हा बिनधास्त सांगा. फक्त ‘केरी इथून हाकेच्या अंतरावर’ म्हणण्याआधी जरा विचार करा. गोव्यात केऱ्या तीन. एक पेडण्यात समुद्रावर, एक सत्तरीत घाटाच्या पायथ्याशी आणि केसरबाईंची फोंडा तालुक्यात. आमच्यातल्या एका जाणकाराने पुण्याच्या पाहुण्यांना केसरबाईंचं गाव बघा म्हणून थेट तेरेखोलच्या तोंडाशी पाठवलं होतं. त्यांनी तिथे समुद्रात आंघोळ केली आणि भारावून परत आले.

मला तर वाटतं, केसरबाई सुटल्या. दुसरं यान गेलं त्याच महिन्यात त्या वारल्या, आणि आवाज अशा ठिकाणी गेला जिथे शाल-श्रीफळ घेऊन कोणी पोचत नाही. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डीही असंच, साळावली धरणाच्या पाण्याखाली. उन्हाळ्यात पाणी आटलं की गाव वर येतं, पाऊस पडला की पुन्हा खाली. एरवी तिथे सत्कार समिती नेमायची सोयच नाही.

आपल्या गावात आहे. म्हणून साडेसहाच्या कार्यक्रमाला पाचलाच जा आणि खुर्च्या धरा. एका खुर्चीवर रुमाल, एकीवर पाण्याची बाटली, एकीवर बायकोची पर्स आणि चौथीवर, काहीच उरलं नाही तर, खाज्याचा पुडा. कोणी विचारलंच तर ‘येतायत, वाटेत आहेत’. पुढची सोफ्यांची रांग सोडून द्या, ती ज्यांना गाणं आवडत नाही त्यांच्यासाठी राखीव असते. ते आलाप अर्ध्यात आला की येतात. त्यांच्यासाठी समई पुन्हा लावतात.

भाषणांच्या वेळी आवर्जून टाळ्या वाजवा. अध्यक्षांनी बुवांच्या आईची आठवण काढली, उपाध्यक्षांनी वडिलांची काढली, खजिनदारांकडे कोणीच उरलं नाही म्हणून त्यांनी देवस्थानच्या नव्या फरशीचा हिशोब वाचून दाखवला, तरी वाजवा. घड्याळाकडे बघू नका. खरं तर बघण्यासारखं तिथेच असतं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, त्यांच्याप्रमाणे उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री १० वाजता बंद. पूर्वी या देवळांतून रात्रभर गाणं चालायचं, मालकंस राग मध्यरात्रीनंतर यायचा आणि भैरवीला खरोखरची सकाळ असायची. आता मालकंसाला कर्फ्यू आहे आणि भैरवी पावणेदहाला उरकतात. बुवांच्या वाट्याला येतात ते भाषणं संपल्यापासून दहापर्यंतचे सव्वादोन तास, त्यातून चहाची अर्ध्या तासाची मध्यंतर वजा. पण शाल काय, ती तर उलगडून, पांघरून, फोटो काढून होईपर्यंत अंगावर राहायलाच हवी ना.

गाणं सुरू झालं की तुमचं खरं काम सुरू. विलंबित एकताल असेल तर मांडीवर ताल धरा. बारा मात्रा मोजायची गरज नाही. शेजारी बसलेले काका मान कुठे टाकतात ते बघायचं आणि अर्धा क्षण आधी टाकायची. काका चुकले तर दोघं मिळून चुकता, आणि दोन माना एकत्र पडल्या की तबलजी स्वतःच्या समेबद्दल विचारात पडतो. ‘वाहवा’ मोकळ्या जागेत टाकू नये, ती वाया जाते. बुवा गंधारावर थांबून आवाज बारीक करत नेतात, मंडपात टाचणी पडली तर ऐकू येईल असं होतं, नेमकी तीच तुमची जागा. ‘क्या बात है बुवा!’ मागच्या रांगेपर्यंत पोचलं पाहिजे.

फर्माईश यमनाचा ख्याल निम्म्यावर आल्यावर करा. नाट्यपदाचीच करा. चिठ्ठी पाठवू नका, चिठ्ठी कोणाची ते कळत नाही. उभं राहून मागा, आणि मागताना पहिली ओळ स्वतः गाऊन दाखवा, म्हणजे बुवांनी चाल विसरली असेल तर आठवेल. बुवा हसून हात जोडतात. त्या हात जोडण्यात काय असतं ते बारा वर्षं बघतोय, अजून माझ्या लक्षात आलेलं नाही.

आणि मोबाईल. तो छातीच्या उंचीवर धरणारे नवखे. डोक्यावर धरावा, म्हणजे मागच्यांनाही बुवा दिसतात, जरा लहान दिसतात इतकंच. सबंध ख्याल चित्रित करा. घरी जाऊन कोणी बघत नाही हे खरं, पण फोनमध्ये जागा नाही म्हणून पोरांचे वाढदिवस पुसावे लागले, हे चारचौघांत सांगता येतं. भक्ती भक्ती म्हणतात ती हीच. पणजीच्या कला अकादमीत दीनानाथ मंगेशकर सभागृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी प्रेक्षक रंगवले होते. तसले रसिक काय कामाचे? एकाचाही फोन कधी वाजला नाही.

आता शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: साडेनऊला उठा. दहाला कार्यक्रम सुटला की तिठ्यापर्यंत गाड्यांची जी गर्दी होते, तिच्यातून स्कूटर काढणं कठीण. वाकून, हात पुढे करून, जणू आपण दिसतच नाही असं चालत बुवांच्या समोरून निघा. सोमवार नसेल तर तिठ्यावरच्या गाड्यावर रस ऑम्लेट, म्हणजे रश्श्यात बुडवलेलं ऑम्लेट, मिळतं. भैरवी काय, दर वर्षी तीच असते.

यंदा मीही तसाच निघालो. ऑम्लेट तव्यावर पडलं आणि लाईट गेली. देऊळ, मंडप, तिठा, सगळा गाव एकदम काळा. समितीचा जनरेटर जत्रेपासून बिघडलेला. फोनवर लावलेला तानपुरा स्पीकरमधून येत होता, तोही मेला. मी मनात म्हटलं, बरं झालं निघालो. दहाला दहा मिनिटं कमी होती.

मग आवाज आला. आधी खरे तानपुरे, पोरी मागे धरून बसल्या होत्या ते, अगदी पुसट. त्यांच्यावर बुवा. माईक नाही, टाळी नाही, कोणाचा मोबाईल वर नाही, कारण अंधारात काय टिपणार? दहा वाजून गेले असावेत. नियम लाउडस्पीकरचा, आणि लाउडस्पीकर तर बंदच होता. बुवा थांबले नाहीत.

गाडेवाल्याने गॅस बारीक केला. शेगडीचा सूं आवाज कमी झाला, तरी त्याला तो नडत होता बहुतेक, त्याने खटका पुरा फिरवला. एका हातात उलथनं, दुसऱ्या हातात रसाचा डाव, तसाच उभा राहिला. डावातून रस थेंब थेंब भांड्यात पडत होता. हा माणूस बारा वर्षं देवळाबाहेर गाडा लावतो, मंडपात कधी आलेला मी पाहिला नाही. त्याने हळूच विचारलं, “बाब, हें कितें गायतात?”

मी म्हटलं, “बागेश्री.”

मालकंस होता, असं दुसऱ्या दिवशी कळलं. पुण्याच्या पाहुण्यांनी सांगितलं, डोळे पुसत. मी म्हटलं, अहो मला काय सांगता, मी समोरच होतो.

त्या रात्री मात्र तिथे उभं राहून भूक आवरेना. बुवा वरच्या षड्जाकडे निघाले होते. मी गाडेवाल्याच्या दंडाला हात लावला आणि म्हटलं, “पाव दोन दे, आणि कांदा जास्त घाल.” त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि काडी ओढून गॅस पेटवला.