सेवाभावाचा नकाशा काढताना

मराठवाड्यातल्या सेवाभावी संस्थांचा नकाशा काढायला घेतलाय म्हणे? छान. फक्त एक पथ्य पाळा, गावात जाऊ नका. एक तर ऊन, आणि दुसरं म्हणजे गावात गेलं की संस्था कमी होतात. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयानं ही चूक केली. २००८ पर्यंत नोंदलेल्या ३१ लाखांवर संस्था कागदावर सुखात होत्या. मग शोधायला माणसं धाडली आणि हाती लागल्या ७ लाखांच्या आत.

त्यापेक्षा धर्मादाय कार्यालयातून यादी आणा. आपल्या राज्यात तर खास सोय आहे: १८६० च्या कायद्याखाली सोसायटी झालेली संस्था १९५० च्या विश्वस्त कायद्याखालीही नोंदवावी लागते. संस्था एक, नंबर दोन. दोन्ही रजिस्टरं एकाखाली एक जोडा, सेवाभाव बसल्या जागी दुप्पट.

जायचंच असेल तर ‘बहुउद्देशीय’ लिहिलेली पाटी गाठा. वृक्षलागवड, व्यसनमुक्ती, संगणक, गोपालन. कुठल्याही रकान्यात बसते. सोसायटीला सात माणसं लागतात, ती मेहुण्यापर्यंत घरातच भरतात. सचिव बहुधा तुमच्यासाठी चहा टाकत असतील. काम काय चालतं, हे विचारून पाहुणचाराचा विचका करू नका. अल्बम बघा. किल्लारीकडं रेंगाळू नका. १९९३ च्या भूकंपानंतर तिथं इतक्या संस्था आल्या की टिंबावर टिंब बसतं, आणि राहिली कोण, गेली कोण हे शोधता शोधता तुमच्या प्रकल्पाचं वर्ष सरेल.

बीडकडं मात्र सांभाळून. दसरा-दिवाळीनंतर नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला गेल्या की मागं एखादी आजी असते. स्वतःची दोन नातवंडं, शेजारची तीन, सगळ्यांच्या भाकरी तिच्याच तव्यावर. संयुक्त राष्ट्रांच्या २००३ च्या हस्तपुस्तिकेत सेवाभावी संस्थेच्या पाच खुणा आहेत: संघटित, नफा न वाटणारी, सरकारपासून वेगळी, आपला कारभार आपण पाहणारी, स्वेच्छेची. शेवटच्या चारांत आजी पैकीच्या पैकी. पहिलीतच नापास, घटना नाही, ठराववही नाही, ऑडिट नाही. तुमच्या फॉर्मात नोंदणी क्रमांक टाकल्याशिवाय पुढचं पान उघडतही नसेल.

ती विचारील, “काय मोजायलाव बाबा?”

“सेवा,” म्हणा. तिनं पुढं केलेली भाकरी खा आणि तालुक्याची शेवटची एसटी चुकवू नका.